मरणाचा कायदा झाला, जगण्याचा राहिला



२०२३ सालच्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, तेव्हा आपल्या मंडळींत केवढी खळबळ उडाली हे तुम्हांला आठवत असेल. निवेदने गेली, सभा झाल्या, कीर्तनांतून विषय निघाला. पुढे सरकारने त्याचा निधी थांबवला आणि वाद निवला. मुलाच्या ताटात काय असावे यावर मला आज बोलायचे नाही. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटायची पंचाईत, त्याच्या लेकराच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी आपले ताट पाहावे, एवढेच म्हणतो. मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या दिवसांत मी जी भाषणे ऐकली त्यांत अंडे होते, ताट होते, सोवळे-ओवळे होते. कोंबडी कुठेच नव्हती. ज्या जिवाच्या पोटातून ते अंडे आले तो जीव कसा जगतो, हे कोणी विचारले नाही.

तुम्ही म्हणाल, महाराज, आपण माळकरी माणसे. गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवशी मांस-मच्छी सुटली, अंडे सुटले. जे आपण खात नाही त्याचा हिशेब आपल्याकडे कशाला? हाच प्रश्न मला गावोगाव विचारतात आणि हाच मला सर्वांत जास्त खटकतो. माळेने आपल्या तोंडाला नियम लावला. तिने आपल्याला निर्दोष असल्याचा दाखला दिलेला नाही. तुमच्या शेतातला मका कुठे जातो? तुमच्या सोयाबीनचे तेल निघाल्यावर पेंड कोण उचलतो? आडत्याला विचारा, कोंबडीखाद्याचे कारखाने किती माल घेतात ते तो सांगेल. भावकीत, सोयऱ्यांत कोणाची पोल्ट्रीची शेड नाही असे गाव आता शोधावे लागेल. आणि सप्ताहाची पंगत? एका गावी काल्याच्या कीर्तनाला उभा राहण्याआधी यजमानांनी मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, "महाराज, तेवढे कोंबड्यांचे काढू नका. यंदाची पंगत शेडवाल्यांची आहे." मी काढले. नारळ मिळाला, शाल मिळाली, पुढच्या वर्षीचे बोलावणे मात्र आले नाही. तेव्हा "आमचा काय संबंध" हे मला सांगू नका. संबंध खळ्यापासून मंडपापर्यंत आहे.

आता ज्यांनी अंड्याच्या कोंबडीची शेड आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाहिली असेल त्यांनीही ऐकावे, कारण रोज पाहिलेले दिसेनासे होते.

अंडे उबवायला आई नसते, यंत्र असते. पिल्लू बाहेर आले की नर-मादी निवडतात. या जातीचा नर अंडी घालत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी मारून टाकतात. मादी पिल्लाच्या चोचीचे टोक तापलेल्या पात्याने कापतात, कारण पुढे दाटीत या कोंबड्या एकमेकींना टोचतात. म्हणजे दाटी आपण करायची आणि चोच तिची कापायची. चार-साडेचार महिन्यांची झाली की तिला तारेच्या पिंजऱ्यात टाकतात. एकेका पिंजऱ्यात तीन-चार जणी, आणि पिंजऱ्यांच्या लांबच लांब रांगा. खाली जमीन नाही, तार आहे, आणि ती तारही उतरती, म्हणजे अंडे पडले की आपोआप घरंगळत पुढच्या पन्हाळीत यावे. विष्ठा तारेतून खाली पडते, तिचा ढीग साचतो, उन्हाळ्यात त्या वासाने आपले डोळे चुरचुरतात. आपण पाच मिनिटांनी बाहेर येतो. ती तिथेच असते. तिला पंख पसरता येत नाहीत. बसायला दांडी नाही, अंडे घालायला आडोसा नाही, उकरायला माती नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. हिच्याकडून तीनशेच्या आसपास काढतात. दीड वर्षाची झाली, अंडी कमी झाली, की वजनावर विकतात. तेवढ्या आयुष्यात ती एक पाऊल चालली असे म्हणता येणार नाही.

माउलींनो, आपण चालणारी माणसे आहोत. आळंदीपासून पंढरीपर्यंत अडीचशे किलोमीटर आपण पायी जातो. पाय सुजले, फोड आले तरी चालणे सोडत नाही. चालण्यात काय आहे हे वारकऱ्याला दुसऱ्याने सांगायला नको. म्हणून ज्याला पाय आहेत आणि चालू दिले जात नाही, त्याचे दुःख इतर कोणाला कळो न कळो, आपल्याला कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, आपल्या आज्याही कोंबड्या खुराड्यात कोंडत होत्या. होत्याच. दिवेलागणीला डालगे पालथे घालत, खुराड्याला फळी लावत, कारण मुंगूस येई, मांजर येई. पहाटे फळी निघे आणि कोंबडी दिवसभर उकिरडा उकरायला मोकळी. दुपारी सावलीत माती अंगावर घेऊन न्हायची. खुडूक झाली की म्हातारी तिला कोपऱ्यात टोपली करून द्यायची आणि एकवीस दिवस तिला कोणी हात लावायचे नाही. खुराडे बाहेरच्या वैऱ्यापासून कोंबडीला राखत होते. हा पिंजरा कोणापासून कोणाला राखतो? तो कोंबडीच्या स्वभावापासून धंद्याला राखतो. शेवटी तीही कापली जायची, हे मी झाकून ठेवत नाही. पण मरेपर्यंत ती कोंबडी होती.

नामदेवरायांनी देवाला हाक मारताना चाऱ्याला गेलेल्या पक्षिणीची आणि वाट पाहणाऱ्या तिच्या पिल्लाची उपमा घेतली. अभंग तुम्हांला पाठ आहे, मी लिहीत नाही. हजारो वेळा आपण तो टाळ-मृदंगावर म्हटला. आता तो म्हणताना एवढेच मनात आणा की ज्या पिल्लाला पक्षिणीची ऊब माहीतच नाही अशी पिल्ले आपल्याच तालुक्यात रोज हजारांनी निघतात.

आता कायद्याकडे येतो, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

पुष्कळांना वाटते, असा कायदाच आपल्याकडे नाही. आहे, आणि तो माझ्या लहानपणापासून आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल या थोर नर्तकी. १९५२ साली त्या राज्यसभेवर नेमल्या गेल्या आणि मुक्या प्राण्यांसाठी त्यांनी स्वतःचे विधेयक मांडले. नेहरूंनी सांगितले, सरकारच असा कायदा आणील, तुम्ही मागे घ्या. त्यांनी घेतले, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. (नाचणाऱ्या बाईला कायद्यातले काय कळते, असे तेव्हा कोणी म्हटले असेल तर त्याने आमचे कीर्तन पाहावे. आम्हीही उभे राहून, नाचूनच सांगतो.)

या कायद्याचे ११ वे कलम वाचा. त्यात लिहिले आहे की ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी, रुंदी प्राण्याला वाजवी हालचाल करू देण्याइतकी नाही, अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा गुन्हा आहे. पुढे लिहिले आहे की अवाजवी आखूड किंवा जड साखळीने, दाव्याने प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. कोंबडीला वगळलेले नाही, म्हशीला वगळलेले नाही. माणूस सोडून प्रत्येक सजीव म्हणजे प्राणी, अशी कायद्याची व्याख्या आहे. आमच्या निरूपणातही यापेक्षा व्यापक शब्द सापडणे कठीण. अशा पिंजऱ्यांनी या कलमाचा भंग होतो असे खुद्द प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना कळवून झाले आहे.

आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. माझ्या लहानपणी पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. आज पन्नास रुपयांत सात-आठ अंडी येतात. त्याच कायद्याचे पुढचे, १२ वे कलम पाहा. दूध काढण्यासाठी गाई-म्हशीवर फुंका करण्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे १९६० साली कायदा करणाऱ्यांना जरब बसवणारा दंड लिहिता येत होता. २०२२ साली केंद्राने दंड वाढवण्याच्या सुधारणेचा मसुदा लोकांपुढे ठेवला, आणि तो मसुदाच राहिला.

याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवा. १९७६ सालच्या आपल्या राज्याच्या कायद्याने गाय कापायला बंदी होती. २०१५ साली ती बैल आणि वळूलाही लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. त्या वेळी आपल्यातल्या अनेकांनी पेढे वाटले. मी त्या कायद्याविरुद्ध एक अक्षर बोलत नाही. पण विचारतो: तीच गाय जन्मभर दीड हाताच्या दाव्याला, सिमेंटच्या ओल्या कोब्यावर उभी राहिली, बसली, उठली, व्याली, आणि एकदाही चालली नाही, तर तिच्या धन्याला काय? पन्नास रुपये, तेही कोणी तक्रार केली तर. मारले तर पाच वर्षे, आणि जन्मभर कोंडले तर सात-आठ अंड्यांची किंमत. आपण मरणाचा कायदा केला आणि जगण्याचा तसाच सोडून दिला. हे कसाब्याचे पाप म्हणून बोट दाखवायला सोपे होते. कोंडणारे हात आपले आहेत, म्हणून तिथे आपण गप्प.

संतांच्या चरित्रांत पाहा. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. ते गाढव कोणी कापायला काढले नव्हते, तहानलेले होते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी भाकर घशाला लागेल म्हणून. तुकोबाराय शेत राखायला बसले आणि पाखरांना हाकलेनात. या तिन्ही कथांत कोणी कोणाला ठार मारत नाही. प्रश्न तहानेचा आहे, घशाचा आहे, पोटाचा आहे. संतांची दया जिवाच्या रोजच्या सुखदुःखाशी लागलेली होती. आपण ती उचलून फक्त कत्तलखान्याच्या दाराशी नेऊन ठेवली.

असे बोलले की लगेच म्हणतात, महाराज, ही परदेशी फॅडे आहेत. खरे आहे का? इंग्लंडात रूथ हॅरिसन या बाईंनी १९६४ साली पुस्तक लिहून कोंडलेल्या जनावरांचे हाल मांडले, तेव्हा तिथल्या सरकारने समिती नेमली. त्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ साली सांगितले की प्राण्याला निदान उठता यावे, बसता यावे, वळता यावे, अंग साफ करता यावे, हातपाय ताणता यावेत. आपला कायदा त्याच्या पाच वर्षे आधीचा आहे. पुढे स्वित्झर्लंडने असे पिंजरे बंद केले. युरोपच्या संघाने १९९९ साली ठरवले आणि १ जानेवारी २०१२ पासून उघड्या तारेचे पिंजरे बंद झाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लोकांनी २०१८ साली मतदान करून कोंबडी, गाभण डुकरीण आणि वासरू यांच्या कोंडवाड्यांविरुद्ध कायदा केला. डुक्करवाले व्यापारी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ साली हरले. ती माणसे मांस खातात, सोडणारही नाहीत. तरी त्यांना एवढे कळले. आणि मला सांगा, तारेचा पिंजरा कुठून आला? ती संकरित कोंबडी कुठून आली? ते यंत्र, ती जात, ती पद्धत परदेशातून आली तेव्हा कोणाला फॅड वाटले नाही. पिंजरा परदेशी चालतो, त्याचे दार उघडणारा कायदा तेवढा परदेशी म्हणून नको!

दुसरे म्हणतात, दया मनातून आली पाहिजे, कायद्याने येत नाही. हे वाक्य बोलणारा बहुधा साधकाच्या आवाजात बोलतो, म्हणून ते खरे वाटते. दया कायद्याने येत नाही, कबूल. पण दार कायद्याने उघडते. कोंबडी बाहेर पडताना विचारत नाही की तू भक्तीने उघडलेस की फौजदाराच्या भीतीने. आपल्या घटनेतही १९७६ पासून ५१ अ कलमात प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. २०१४ साली बैलगाडा शर्यतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला. पुढे आपल्या राज्याने कायदा बदलला आणि २०२३ साली घटनापीठाने तो मान्य केला, हेही तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा शर्यतीसाठी गावेच्या गावे एक झाली, आमदार एक झाले. बैलाच्या शर्यतीसाठी विधानसभा हलवता आली, तर त्याच्या दाव्याच्या लांबीसाठी का हलवता येऊ नये?

तिसरे म्हणणे खरे जड आहे आणि त्याला मी हसून उडवणार नाही. शेतकरी म्हणतो, महाराज, मी कर्ज काढून शेड उभी केली. पिंजरे काढले तर तेवढ्या जागेत कोंबड्या कमी बसतील, अंडे महाग पडेल, बाजारात पिंजरावाला मला मारील. अगदी बरोबर. म्हणूनच मी तुला एकट्याला पिंजरे काढायला सांगत नाही, आणि म्हणूनच हे काम कीर्तनाने भागत नाही. एकट्याने सोडले तर तो बुडतो. सगळ्यांना एकाच तारखेला सोडायला लावले तर कोणी कोणाला मारू शकत नाही. कायदा हवा तो याचसाठी. युरोपने बारा वर्षांहून अधिक मुदत दिली होती. आपणही द्यावी. आजपासून नवा पिंजरा बसवू देऊ नये, जुना झिजेपर्यंत चालावा पण एक तारीख ठरलेली असावी, आणि बदलायच्या खर्चाचा वाटा सरकारने उचलावा. पिंजरे येण्याआधी आपल्याकडचे पोल्ट्रीवाले अंड्याच्या कोंबड्या तुसाच्या गादीवर मोकळ्याच पाळत. 'गादी पद्धत' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. तिला दांडी आणि आडोशाची पेटी जोडायची, एवढेच. हे कोणा ऋषीच्या आश्रमातले नाही, व्यवहारातले आहे.

दाटीने शेतकऱ्याचे भले होते हेही एकदा तपासून पाहा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, शेडवाले रस्त्यावर आले. २०२१ साली त्याच नवापुरात पुन्हा तेच. रोग रानपाखरांतूनही येतो हे मला माहीत आहे. पण हजारो जीव छातीला छाती लावून कोंडले म्हणजे आलेला रोग थांबायला जागा कुठे राहते?

आता दुधाकडे या, म्हणजे आम्ही शाकाहारी म्हणून कोणाची सुटका व्हायला नको. आपण पांडुरंगाला पंचामृताने न्हाऊ घालतो. ते दूध कुठल्या गोठ्यातले? मोठ्या शहरांच्या तबेल्यांत म्हशी गळ्याशी आखूड साखळीने रांगेत बांधलेल्या असतात, रात्रंदिवस, वेत संपेपर्यंत. रेडकू दूध पिते आणि कामाचे नसते, म्हणून त्याला पिऊ देत नाहीत. ते चार दिवसांत मरते. मग कित्येक ठिकाणी त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभे करतात, म्हणजे ती पान्हा सोडते. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानोबारायांनी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्याच्या मुखाने वेद बोलवला, त्या रेड्यापुढे आपण आजही माथा टेकतो. त्या समाधीला हार घालणाऱ्या हातांनीच रेडकाला सडापासून ओढायचे, हे मला समजत नाही. रिंगणात धावलेल्या माउलींच्या अश्वाच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. तो अश्व धावतो म्हणून ते रिंगण आहे. खुंट्याला बांधलेल्या घोड्याभोवती कोणी 'माउली माउली' करीत नाही. आणि काला? काल्याच्या कीर्तनात गाई रानात जातात, गोपाळ शिदोऱ्या सोडतात. दाव्याला बांधलेल्या गाईंचा काला मी तरी कधी ऐकला नाही.

इथे एक गोष्ट आनंदाने सांगण्यासारखी आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याच शेतकऱ्यांनी मुक्त संचार गोठा उचलून धरला. आवाराला कुंपण घालायचे, मध्ये पाण्याचा हौद, एका बाजूला गव्हाण, सावलीला पत्रा किंवा झाड, आणि गाईंचे दावे सोडून द्यायचे. गाय हवे तेव्हा खाते, हवे तेव्हा पिते, ऊन हवे तर उन्हात, सावली हवी तर सावलीत. खुरांची दुखणी कमी होतात, माजावर आलेली गाय लांबून ओळखू येते, रोज शेण उचलायचे कष्ट वाचतात. ज्यांनी केला ते सांगतात, दूध कमी झाले नाही. हा गोठा कोणा महाराजाने सांगून झाला नाही. शेतकऱ्याने शेजाऱ्याचा पाहून केला. मग सरकारने प्रत्येक नव्या गोठ्याच्या अनुदानाला ही एक अट का घालू नये? जो कुंपण घालील त्याला पैसा, जो दावे आखूड करील त्याला नाही. ११ व्या कलमातला दाव्याचा शब्द साठ वर्षांहून अधिक काळ कागदावर पडून आहे, त्याला अशाने पाय फुटतील.

कोंबडीच्या बाबतीत सरकार अगदीच निजलेले नाही, हे सांगितले पाहिजे. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्या कशा ठेवाव्यात याचा विचार केला आणि नियमांचा मसुदा जोडला. २०१९ साली केंद्राने आपला मसुदा काढला. त्यात एका कोंबडीला किती जागा धरली? ५५० चौरस सेंटीमीटर. अर्ज लिहायचा नेहमीचा कागद सव्वासहाशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे कायदा तिला तो कागदही पुरा देत नाही. उघड्या तारेच्या पिंजऱ्याविरुद्धच्या कलमातून पिंजऱ्याचे माप निघाले! पिंजरा कितीचा असावा हे ठरवायला बसले की पिंजरा असावा हे आधीच ठरून जाते.

म्हणून दिंडीप्रमुखांना, फडकऱ्यांना आणि सप्ताह समित्यांना माझे मागणे आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली प्राणिक्लेश प्रतिबंधक समिती असायला हवी, तसा २००१ सालचा नियम आहे. तुमच्या जिल्ह्यात ती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारा. मुख्यमंत्र्यांना आणि केंद्रातल्या पशुसंवर्धन मंत्र्यांना पत्र लिहा की नवे पिंजरे थांबवा, जुन्यांना तारीख द्या, शेतकऱ्याला बदलायला पैसा द्या, आणि पन्नास रुपयांचा दंड बदला. अंड्याच्या वादात जेवढ्या सह्या गोळा केल्या होत्या तेवढ्या या पत्रावर करा. पत्रात ओव्या-अभंग घालत बसू नका, ते त्यांनाही पाठ आहेत. बावीस सेंटीमीटर लांब आणि पंचवीस सेंटीमीटर रुंद असा एक कागद कापा आणि पत्राला टाचून पाठवा. खाली एवढेच लिहा की हे एका जिवाचे घर आहे, साहेबांनी यावर एक दिवस उभे राहून पाहावे.